साळेबुवांचं खराब नेट

चांगलं नेट दिसलं की आमच्या साळेबुवांचं तोंड उतरायचं. जग नेट चालत नाही म्हणून टॉवरला शिव्या देतं. हा माणूस नागपूरला मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेला, चार दिवस राहतो म्हणून सांगून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारच्या एसटीने परत. काहून आला म्हणून विचारलं तर म्हणे, "तिथं नेट तुटतच नाई, भाऊजी. मानसानं काम कराव तं कसं कराव?"

साळेबुवा मी त्याला चिडवायला म्हणायचो. माझ्या बायकोचा तो पाठचा भाऊ. तिच्या तोंडी बाबू, गावाच्या तोंडी मामा. माहेर त्यांचं कोंढ्याचं, पण आईबाप गेल्यावर त्या घराला कुलूप लागलं. हा हैदराबादला एका कंपनीत कॉम्प्युटरवर होता. लग्न केलं नाही. पन्नाशी यायच्या आतच कंपनीने एक दिवस कामावरून काढून घरी बसवलं. मग राखीला बहिणीकडे, आमच्या सिहोऱ्याला आला. एक बॅग आणि एक लॅपटॉप. राखी झाली, पोळा झाला, धान निसवलं, कापणी झाली, मळणी झाली, हा इथेच. मी बायकोला म्हटलं, "तुझा भाऊ जाते कधी?" ती चुलीजवळून मान वर न करता म्हणाली, "तुमी कधी जाता ते सांगा, मंग त्याले इचारते." विषय तिथेच संपला. आम्हाला लेकरू नव्हतं. समोरची खोली रिकामीच होती.

सकाळी तो नागपूरच्या एका दुकानदाराचं काम करायचा, पोटापुरतं. दुपारपासून त्याचं फुकटचं काम सुरू. फुकटचं हा माझा शब्द. तो म्हणायचा, सगळ्यांचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे मला जेवढं समजलं तेवढंच सांगतो. कॉम्प्युटर सुरू झाला की त्याच्यात पहिले एक कारभारी जागा होतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मोठ्या कंपन्या ती विकतात. पण एक अशीही आहे की जगभरातल्या लोकांनी मिळून बनवली, कोणीही घ्या, उघडून पहा, दुरुस्त करा. त्या कारभाऱ्याने नेटवर जाऊन वस्तू मागायची आणि घेऊन यायची, एवढा भाग साळेबुवांकडे होता. पत्त्याच्या आधी एचटीटीपी अशी अक्षरं दिसतात ना, ते त्याचं खातं. त्या भागाला तो लायब्ररी म्हणायचा, पण खोलीत पुस्तक एक नव्हतं. तयार सुटे भाग, दुसऱ्यांनी उचलावेत आणि आपल्या कामात बसवावेत.

बायकोने एकदा विचारलं, "म्हनजे तू पोस्टमन झाला का रे, बाबू?"

"पोस्टमन नाई, बाई. पोस्टमनच्या सायकलीचं चाक."

"मंग हवा भरून ठेव," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

त्यांच्या मंडळींची एक रीत मला फार आवडायची. आपलं काम आपणच पास करायचं नाही. साळेबुवा लिहायचा आणि तिकडे जर्मनीत कोणी एक होता, तो ओळ न ओळ तपासायचा. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. मी त्याला सरपंच म्हणायचो. सरपंच काम परत पाठवायचा, इथे चुकलं, तिथे अर्धवट आहे. साळेबुवा दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडायचा आणि सकाळी दात घासायच्या आधी त्याचंच उत्तर आलं का पाहायचा. मी म्हटलं, "ही रीत आपल्या ग्रामपंचायतीत आणा." तो म्हणाला, "मंग तुमच्या गावात नाली नाई बननार, भाऊजी. वीस वर्सं तपासनंच चालू राहीन."

आता खराब नेटचं सांगतो. आमच्याकडे नेटची तार खांबावरून, मग आंब्याच्या झाडातून घरात यायची. झाडावर वानरं. वानर तारेवर झुललं की नेट जायचं, परत यायचं, परत जायचं. साळेबुवांच्या भागात एक खोट होती. वस्तू अर्धी आली आणि मध्येच नेट असं झुललं, की तो भाग अर्ध्यालाच पुरं समजून गप बसायचा. सरपंचाकडे नेट कधी झुलतच नाही, त्यामुळे त्याला ही खोट दिसतच नव्हती. तो लिहायचा, आमच्याकडे सगळं बरोबर चालतं. साळेबुवा चिडायचा. "अर्धं आलं तं अर्धं आलं म्हनून सांगाले पायजे," तो म्हणायचा. "पुरं आलं म्हनून कोनाले फसवाचं नाई." नवी आवृत्ती निघायच्या आत त्याला ती खोट पकडायची होती. रोज जेवताना त्याच गोष्टी.

मला दया आली. पोरगा मेहनत करून राहिला आणि नेट असं. मी त्याला न सांगता तुमसरहून नेटवाल्याला आणलं, कोंबडी कापली, पोटभर जेवू घातलं आणि तार झाडाबाहेरून फिरवून घेतली. नवे जोड, घरात नेटची नवी डबी. साळेबुवा बाजारातून आला, लॅपटॉप उघडला आणि खोलीतून ओरडला, "कोनं केलं हे?"

मी छाती काढून म्हटलं, "मी."

"कायले केलं, भाऊजी? कायले? महिनाभर मी त्या वानराची वाट पाहून राहिलो होतो!"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. नेटवाला मोटारसायकलला किक मारून पळाला. कोंबडी तर त्याच्या पोटात गेलीच होती.

मग झालेलं निस्तरायचं मलाच आलं. डबीजवळ स्टूल टाकून बसायचं आणि साळेबुवाने आवाज दिला की तार ओढायची. पण हाताने ओढली की नेट साफ तुटायचं आणि त्याला साफ तुटलेलं नको होतं. "असं नाई, भाऊजी. ढिली करा. हलवा. वानर हलवते तसं हलवा." मी टोक अर्धं बाहेर काढून हलवायचो. बायको दारात उभी राहून पाहायची. "आता बराबर मानसाले बराबर काम भेटलं," ती म्हणायची. आमच्या घरातले ते सगळ्यात चांगले दिवस होते. तेव्हा हे माहीत नव्हतं.

ती पावसाळ्यात गेली. ताप डोक्यात गेला. भंडाऱ्याला नेलं, आणलं ते झाकून आणलं. जास्त लिहीत नाही.

आमच्याकडे रीत आहे, तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, माहेरचा माणूस दुखवट्याचे कपडे घेऊन येतो आणि ज्याची बायको गेली त्याच्या अंगावर घालतो. तो बाहेरून यावा लागतो. कपडे दिले की त्याने मुक्काम करायचा नाही, निघून जायचं. माहेरचा सख्खा माणूस एकच, आणि तो तर समोरच्या खोलीत राहणारा. साळेबुवा सकाळी मागच्या दाराने निघाला, एसटीने तुमसरला गेला, धोतर-टोपी घेतली आणि भर दुपारी पुढच्या दाराने पाहुण्यासारखा आला. पाय धुवायला पाणी मागितलं. त्याच घरात, जिथे काल त्यानेच हंडे भरले होते. माझ्या अंगावर कपडे घातले, डोक्यावर टोपी ठेवली, हात जोडले आणि निघून गेला. मला वाटलं, रीत म्हणून गेला, उद्या येईल.

उद्या आला नाही. परवाही नाही. पाहुणे पांगले. जाता जाता एक म्हातारी म्हणाली, "बहिनीपायी होता बिचारा. आता कोन्या नात्यानं येईन?" मला ते लागलं, कारण त्याचं उत्तर मलाच माहीत नव्हतं. बायको असताना नातं तिच्यातून जायचं. ती मध्ये नसली तर साळा माझा कोण? आणि मी त्याचा कोण? समोरच्या खोलीत त्याचा लॅपटॉप तसाच होता. नेट एकदाही तुटलं नाही. मी एकट्यासाठी भात लावायचो, आणि तो जास्तच व्हायचा.

आठवडा जाऊ दिला. मग एसटीत बसलो. कंडक्टरने सांगितलं, तो तुमसरला स्टँडजवळच्या लॉजमध्ये होता. खाली चहाच्या टपरीवर सापडला, दाढी वाढलेली. मला पाहून उभा राहिला. दोघांनीही चहा घेतला.

मी म्हटलं, "इथं नेट कसं हाये?"

"चांगलं हाये, भाऊजी," तो म्हणाला. "काई कामाचं नाई."

"मंग घरी चाल."

त्याने कप बाकावर ठेवला. "बाई नाई आता. लोक काय म्हनतीन? कोन्या हक्कानं राहू?"

मला गोड बोलता येत नाही. बायकोशीही आलं नाही. मी म्हटलं, "हक्काचं मले मालूम नाई. वानर घरी रिकामं बसून राहिलं. त्याले काम नाई. येतं तं ये, नाई तं तसं सांग."

तो हसला आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. टपरीवाल्याने दुसरीकडे पाहिलं. भला माणूस होता. संध्याकाळच्या एसटीने आम्ही दोघे परत आलो. तो खिडकीजवळ बसला, मी बाजूला.

खोट सापडली. सरपंचानेही मानली. त्याने विचारलं होतं, तुम्ही नेट असं कोणत्या यंत्राने हलवता, आम्हालाही पाहिजे. साळेबुवाने लिहून पाठवलं, यंत्र नाही, माझ्या बहिणीचे यजमान आहेत. मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "बहीन नाई अन् यजमान कुठले?" तो म्हणाला, "ती नाई म्हनून तुमी बदलले का?" त्यानंतर तो कुठे गेला नाही. भात तो लावायचा, भाजी मी. मीठ कोणाचं जास्त झालं यावर भांडायचो. पुढच्या आवृत्त्या निघत राहिल्या. काही चालू असलं की तो आवाज द्यायचा आणि मी स्टुलावर जाऊन बसायचो. बाकी वेळ दोघेही गप. पण एका घरात दोघे गप असणं वेगळं असतं.

काही वर्षांनी एका चैत्रात साळेबुवाही गेला. दुपारी जेवला, खुर्चीत बसला, तिथेच. छातीचं होतं, मला कधी बोलला नव्हता. हायस्कूलच्या मास्तरांकडून मी सरपंचाला कळवलं. म्हटलं, लिहा, जेवून गेला, हाल झाले नाहीत.

कोंढ्याहून चुलतभाऊ आले. म्हणाले, आमच्या घराण्याचा माणूस, आमच्या गावी नेतो, सगळं तिथे करतो. मी म्हटलं, "इतकी वर्सं कोन्या घरी जेवत होता, इचारलं का कधी?" सिहोऱ्यातच नेलं. आग मी दिली. सगळ्यांना खटकलं, ते मला दिसत होतं.

दहाव्याला नदीवर न्हाव्यासमोर मी बसलो. तो वस्तरा हातात धरून थांबला. म्हणाला, "बाबा, साळ्यासाठी डोस्कं काढत नाईत. अन् मोठ्यानं लहान्यासाठी तं नाईच नाई. तुमाले सुतकही नाई त्याचं."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"घरचा होता," मी म्हटलं. "काढ."

त्याने डोक्याला पाणी लावलं.