हेअरपिन नावाचा वाचक

माझ्या भावाला, इनिस लम्सडेनला, तीनच गोष्टींवर मतं होती: मोटारींच्या शर्यती, वेबसाइटची मांडणी आणि स्कॉटलंडचं राजकारण. बाकी कशावरही विचारा, अगदी जेवायला काय करू म्हणून विचारा, खांदे उडवायचा. पण या तिन्हींपैकी कशाचंही नाव काढलं की सुटलाच. घरात त्याचं ऐकून घ्यायला कोणी उरलं नाही म्हणून त्यानं ब्लॉग काढला, असं मी म्हणायची, आणि ते त्याला झोंबायचं. ब्लॉगचं नाव ‘रेस, रेघा आणि राज्य’. दिवसभर डनफर्मलिनच्या एका विमा कचेरीत कॉम्प्युटरपुढे, घरी आला की परत कॉम्प्युटरपुढे. वाचणारे असतील तीनेकशे. तुमच्या चर्चमध्ये ख्रिसमसला सुद्धा एवढी माणसं येत नाहीत, असं तो मला ऐकवायचा.

मी सेंगा, त्याची मोठी बहीण. फाइफ परगण्यात बावीस वर्षं बस चालवतेय. मला मतं नाहीत, टाइमटेबल आहे.

आमचे बाबा, आर्ची लम्सडेन, गाड्यांचे मेकॅनिक. लहानपणी दर शर्यतीच्या रविवारी ते इनिसला नॉकहिलच्या ट्रॅकवर न्यायचे. हा पठ्ठ्या हत्यारांच्या पेटीवर बसून गरम पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, खायचा, आणि कुठल्या गाडीचं इंजिन कुठे अडखळतंय ते डोळे मिटून सांगायचा. शर्यतींवरची त्याची निम्मी मतं बाबांचीच होती, शुद्धलेखन तेवढं त्याचं. राजकारणात मात्र दोघांचं कधी जमलं नाही. बाबा जन्मभर मजूर पक्षाचे, इनिस कॉलेजात गेला आणि स्वतंत्र स्कॉटलंडवाला होऊन परत आला. आईच्या टेबलावर खिमा-बटाटे गार व्हायचे आणि यांचं चालूच. पण ते भांडण घरातलं होतं. जेवण झालं की भांडी घासायला दोघं उठायचे.

आई गेली, आणि दोन वर्षांनी, २००८ साली, ते पानाचं प्रकरण झालं.

इनिस ब्लॉगवर दर महिन्याला ‘महिन्यातलं सर्वांत वाईट पान’ म्हणून एक वेबसाइट धरायचा आणि तिची सालटी काढायचा. लोकांना तेच फार आवडायचं. त्या महिन्यात त्यानं आमच्या गावातल्या मजूर पक्षाच्या शाखेचं पान धरलं. पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर लाल अक्षरं, कोपऱ्यात उघडझाप करणारे गुलाब, आणि खाली किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा. इनिसनं शेवटी लिहिलं होतं, ‘ज्यांना एक पान मांडता येत नाही, त्यांनी देशाची घडी बसवायला मागू नये.’ लोक खदाखदा हसले. पंचेचाळीस कमेंट आल्या, एकापेक्षा एक.

ते पान बाबांनी केलं होतं. सत्तराव्या वर्षी, लायब्ररीतल्या मोफत वर्गाला चार महिने जाऊन. ते गुलाब हलायला लावायला त्यांना नऊ दिवस लागले होते आणि हलले तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं. इनिसला यातलं काही माहीत नव्हतं, हे मी मान्य करते. मी त्याला फोन केला आणि वाट्टेल ते बोलले, ते पान काढून टाक म्हटलं. तर म्हणतो, एकदा लिहिलेलं काढून टाकायचं नसतं, ब्लॉग लिहिणाऱ्यांत तसं करणं अप्रामाणिक समजतात. फार तर खाली टीप देतात. आणि दिली टीप! ‘ता. क. हे पान माझ्या वडिलांनी केलेलं आहे असं नंतर कळलं. मत कायम आहे.’

बाबांनी शाखेचं पान बंद केलं, चिटणीसपद सोडलं आणि कॉम्प्युटरवर आईची जुनी चादर टाकली. त्या ख्रिसमसला इनिस आला, दोघं टीव्हीकडे बघत जेवले, आणि त्यानंतर तो आला नाही. त्याचं नाव निघालं की बाबा चहा करायला उठायचे.

पुढे बाबांचे गुडघे गेले. २०११ मध्ये मी त्यांना माझ्याकडे आणलं, खालची खोली दिली आणि वेळ जावा म्हणून एक टॅब घेऊन दिला. आठवडाभर त्यांनी हात लावला नाही. मग एक दिवस, खिडकीबाहेर बघत, त्याचं ते अजून चालू आहे का, असं विचारलं. मी लावून दिलं. महिन्याभरानं बघते तर म्हातारा एका बोटानं कमेंट लिहितोय. नाव घेतलं होतं हेअरपिन. नॉकहिलचं शेवटचं, केसांच्या पिनेसारखं वळण, जिथे ते दोघं उभे राहायचे. मी हसले तर माझ्यावरच उखडले. इनिसला यातलं अक्षर कळलं तर तुझ्याशीही बोलणार नाही, अशी शपथ घातली. मी म्हटलं, घाला. मला काय करायचंय.

आणि जमलं हो त्यांचं. तीन वर्षं. टायर कधी बदलायचे, पावसात कोण मर्द गाडी चालवतो, इंजिनांचा आवाज मारून शर्यतीची कशी वाट लावली. हेअरपिनची कमेंट आली की इनिस तासाभरात उत्तर द्यायचा. एकदा त्यानं लिहिलं, ‘आपलं म्हणणं पटलं. मी चुकलो होतो.’ बाबांनी ते मला तीन वेळा वाचून दाखवलं. घरी जन्मात ऐकलं नव्हतं ना!

एकदा हेअरपिननं विचारलं, शर्यत बघायला तुम्हाला कोणी शिकवलं? इनिसचं उत्तर आलं: ‘वडिलांनी. आता आम्ही बोलत नाही. चूक माझी होती, पण ती कबूल कशी करायची ते मला येत नाही.’ बाबा न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता तरी सांगून टाका. तर म्हणाले, चूक त्याची आहे, त्यानं यावं. असे आम्ही लम्सडेन. नाक कापलं तरी पुसायला वाकणार नाही.

मग २०१४ चं ते मतदान आलं. स्वतंत्र व्हायचं की नाही. इनिस अर्थातच हो. रोज पानंच्या पानं लिहायचा. हेअरपिननं सभ्यपणे लिहिलं की माझं मत ‘नाही’ला, आणि कारणं दिली. तिथल्या टोळक्यानं त्याला गद्दार म्हटलं, थेरडा म्हटलं, तुम्ही मराल तेव्हाच हा देश सुटेल म्हटलं. इनिसनं दोन-तीन कमेंट उडवल्या, पण कितीकांना आवरणार! सप्टेंबरात निकाल लागला, त्याची बाजू हरली. पुढच्या आठवड्यात त्यानं सगळा ब्लॉग नव्यानं बांधला. पांढरंशुभ्र पान, देखणी अक्षरं. कमेंट बंद, आणि जुन्या सगळ्या, सात वर्षांच्या, पुसून टाकलेल्या. लिहिलेलं काढायचं नाही हा नियम दुसऱ्यांच्या लिहिण्याला लागू नसावा. त्यांच्या जागी खाली एक फॉर्म दिला. त्यात लिहायचं, बटण दाबायचं, की उत्तर यायचं: ‘धन्यवाद. आपला निरोप मिळाला. मी प्रत्येक निरोप वाचतो.’

बाबा फॉर्म भरू लागले. उत्तर नाही. आधी म्हणाले, हरलाय, खट्टू झाला असेल. मग म्हणाले, कामात असेल. मी म्हटलं, सोडा आता. ते म्हणाले, ‘वाचतोय तो. तसं लिहिलंय तिथे.’ ख्रिसमसनंतर एकदा टॅब मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाले की त्याला कळलं असणार मी कोण ते, म्हणून गप्प झालाय. त्यानंतर त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

त्या हिवाळ्यात बाबांची छाती भरली. घरात ऑक्सिजनचं नळकांडं आलं. मी इनिसला दोन ओळींचा मेसेज टाकला. त्यानं विचारलं, मला बोलावलंय का त्यांनी? मी लिहिलं, नाही. खरंच तोंडानं बोलावलं नव्हतं. माझ्या बसचा शेवटचा स्टॉप त्याच्या दारापासून पाच मिनिटांवर आहे, दिवसातून चारदा मी तिथे गाडी वळवते, पण मीही उतरले नाही. मीच का दर वेळी मधे पडू? बारा वर्षांची असल्यापासून या दोघांमधे पडतेय.

मार्चमध्ये बाबांच्या बोटांना कंप सुटला, तेव्हा शेवटचा निरोप त्यांनी सांगितला आणि मी टाइप केला. ‘इनिस, मी हेअरपिन. म्हणजे तुझा बाबा. या रविवारी नॉकहिलचा मोसम सुरू होतोय. मला नेशील का? चाकाची खुर्ची लागेल, ती सेंगाकडे आहे. आठपासून तयार असतो.’ बटण त्यांनी स्वतः दाबलं. धन्यवाद आलं. ते त्यांनी वाचलं आणि मान हलवली.

रविवारी कोट, टाय, टोपी घालून ते आठला खिडकीशी बसले. दहाला मी म्हटलं, मी नेते चला. नको म्हणाले. मी आत इनिसला लाखोली वाहत बटाटे सोलत बसले. साडेचारला मी त्यांचा कोट काढला. टायला हात लावू दिला नाही. तो त्यांनी निजेपर्यंत तसाच ठेवला.

अकरा दिवसांनी, भर दुपारी, बाबा गेले. मी इनिसला फोन केला. पंचवीस मिनिटांत दारात हजर. तोंड पांढरं पडलेलं, चपला वेगवेगळ्या. अंत्यविधीला शवपेटी कबरीत सोडताना दोऱ्या धरतात, त्यांतली पहिली दोरी मुलाची; ती त्याला मिळाली. चार वर्षं ज्या बाईनं त्यांचं सगळं केलं, ती मागे हात बांधून उभी. नंतर हॉटेलात सगळ्यांना स्टेक पाय वाढताना मी ऐकलं, इनिस कोणाला तरी सांगत होता, शर्यत कशी बघायची ते मला बाबांनी शिकवलं.

आणि आठवड्यानं ब्लॉगवर बाबांवर लेख. दोन हजार शब्द. त्यांचा हत्यारांच्या पेटीजवळचा फोटो, मोठा समास सोडून, काय ती मांडणी! माझ्या मस्तकात तिडीक गेली. ड्यूटी संपवून, गणवेशातच, मी त्याच्या घरी गेले.

म्हटलं, ‘हेअरपिन कोण होता, माहितीये?’

त्यानं माझ्याकडे बघितलं. दुसरं काही सांगावं लागलं नाही. खुर्चीचा हात धरून तो खाली बसला. मग म्हणाला की कमेंट बंद केल्यापासून त्यांचं काहीच आलं नाही, मला वाटलं माझ्या लोकांनी त्यांना थेरडा म्हटलं म्हणून रागावून गेले. मी म्हटलं, सहा महिने फॉर्म भरत होते. तो उठला, कॉम्प्युटरवर खटखट करत राहिला, आणि थांबला. ब्लॉग नव्या कंपनीकडे हलवताना जुनी मेलपेटी त्यानं त्याच आठवड्यात बंद केली होती. फॉर्म सगळे निरोप त्या बंद पेटीत टाकत होता. कुठे काही साठलं नव्हतं. फॉर्म बसवला की आधी स्वतःला एक निरोप पाठवून बघा, हे त्यानं जगाला निदान तीनदा लिहून शिकवलं होतं. स्वतः पाठवला नव्हता.

शेवटचा काय होता, त्यानं विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला. रविवारचंही सांगितलं, कोट, टाय, साडेचार वाजेपर्यंत, काही शिल्लक ठेवलं नाही. खोटं कशाला बोलू, मी त्याला रडताना बघायलाच गेले होते.

तो रडला नाही. म्हणाला, ‘त्या रविवारी तू कुठे होतीस?’

‘घरीच. स्वयंपाकघरात.’

‘सेंगा, तुझ्याकडे माझा नंबर होता.’

मी म्हटलं, बाबांनी शपथ घातली होती, तुला कळू द्यायचं नाही म्हणून.

‘त्यात त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं होतं,’ तो म्हणाला. ‘तूच टाइप केलंस. मग राहिली कुठे शपथ?’

आवाज चढवला नाही त्यानं. मी टेबलावरची माझी टोपी उचलली आणि निघाले. जिन्यात दोनदा थांबले. राग होता मला त्याचा. तो वाईट ठरावा असं मला वाटत होतं, आणि तेवढ्यासाठी मी बाबांना साडेआठ तास खिडकीत बसू दिलं.

नंबर अजून आहे माझ्याकडे. आता मी लावते, तो उचलत नाही.