आईच्या खोलीपर्यंत हवा

"काऊन हो भाऊ, घरातच राइस मिल टाकून राह्यले का?" शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरून विचारलं. आमच्या अंगणात मामा उकिडवे बसून लाकडी हातोड्याने पत्रा वाकवत होते. "मिल नाई, बाई. हवा टाकून राह्यलो," ते म्हणाले आणि पुन्हा ठोकायला लागले. मी पडद्याआडून पाहत होते.

जगातली कुठलीही अडचण पाइपाने सुटते, असं मानणारा माझ्या पाहण्यातला एकच माणूस म्हणजे माझे मामा. चंद्रपूरजवळच्या मूल गावात एका राइस मिलमध्ये फिटर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. तिथे धान, तांदूळ, कोंडा सगळं पाइपातूनच ये-जा करतं, त्यामुळे बाकीचं जगही तसंच चालायला हवं, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्या चुलीचा धूर त्यांनी पाइपाने बाहेर काढला, तो नेमका शेजाऱ्याच्या खिडकीत गेला. शेजारी भांडायला आला, तर मामांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्याही घराला एक पाइप बसवून दिला. एका लग्नात गच्चीवरून मठ्ठा थेट पंगतीत सोडायचा त्यांचा बेत मुलीच्या बापाने वेळीच हाणून पाडला. ते लग्न मामांच्या मते अजूनही अर्धवटच आहे. मिलच्या धडधडाटात ओरडल्याशिवाय कुणाला काही कळत नाही, म्हणून ते सगळीकडे ओरडतात. अंत्ययात्रेत मागे चालताना ते कुजबुजले, तरी पुढचे खांदेकरी वळून पाहतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, जेवताना मीठ हवं असेल तर मिठाकडे नुसती बघणारी. मला ते मॅडम म्हणतात. "मॅडम, आज बी बोलायची सुट्टी काय?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच हसतात.

या मे महिन्यात आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. नागपूरच्या दवाखान्यात तिला झोपच लागेना. गोळी दिली तरी ती छताकडे बघत पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, टाके भरत आहेत, पण झोप नाही मिळाली तर अंगात ताकद यायची नाही; घरी न्या, तिथे लागेल कदाचित. आता चंद्रपूरचा मे आणि दुपारची झोप! आमच्या गल्लीत दुपारी व्होल्टेज इतकं पडतं की एसी नुसता कण्हतो. खिडकीत कुलर लावला, तर त्याच्या घरघरीत धडधाकट माणूसही जागा राहतो. बाबांनी हे सगळं फोनवर मामांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मामा टेम्पोत पत्रे घालून दारात हजर झाले. बेत सोपा होता: कुलर गच्चीवर, तिथून पत्र्याचा चौकोनी पाइप जिन्यातून खाली, बैठकीच्या छताला लटकत आईच्या खोलीत. "आवाज वर राह्यते, हवा खाली येते. माह्या बहिणीले नुसती हवा पाह्यजे," ते म्हणाले. बाबांनी बैठकीच्या नव्या रंगाकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली.

पाइपाचे सांधे त्यांनी मिलमधल्या रिवाजाने बुजवले, म्हणजे कणकेची खळ आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. मिलमध्ये हे वर्षानुवर्षं टिकतं. आमच्याकडे कुलर सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत खळ पातळ होऊन पट्ट्या सुटल्या, बैठकीत तोरणासारख्या लोंबायला लागल्या. घरभर आंबलेल्या पिठाचा वास सुटला. आईच्या खोलीत हवा पोचलीच नाही, ती सगळी बाबांच्या टकलावर गेली. मामा बराच वेळ वर बघत उभे होते. "मिलची हवा कोरडी असते. हे ओली निघाली," ते म्हणाले, जणू हवेनेच त्यांना फसवलं होतं. त्या वेळी ते अजिबात ओरडले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. आई दुसऱ्या दिवशी यायची होती. मग ते उठले, सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूब आणल्या, पट्ट्या कापल्या आणि एकेक सांधा तारेने आवळत गेले. मी खालून पक्कड देत होते. "बसते काय बरोबर?" ते विचारायचे. मी मान हलवायचे. "मॅडम, वरून मान नाई दिसत!"

आई आली, पडली. पाइपाच्या तोंडाला बसवलेल्या जाळीतून थंड, वाळ्याच्या वासाची हवा येत होती, आवाज जवळजवळ नव्हताच. काही वेळाने तिचा श्वास संथ झाला, आणि मग ती चक्क घोरायला लागली. तो आवाज किती दिवसांनी ऐकला! मी श्वास रोखून बसले होते, तेवढ्यात जाळीतून मामांचा आवाज गडगडला, "बाई! लागते काय वं हवा?" मिलमध्ये पाइपाच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला असंच विचारतो. आईच्या पापण्या हलल्या. ती कुशीवर वळली, पण उठली नाही. आणखी एक हाक आली असती, तर उठली असती.

मी अनवाणीच गच्चीवर धावले. फरशीने पाय भाजत होते. मामा डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन पाइपाशी गुडघे टेकून बसले होते, तोंड उघडलेलंच होतं. सकाळपासून ते खाली आले नव्हते. पाणी बघायचं आहे, पंखा बघायचा आहे, असं सांगत होते. मला वाटतं, खाली येऊन बहिणीचे उघडे डोळे बघायची त्यांची हिंमत नव्हती. मी त्यांची बाही धरून त्यांना पाइपापासून लांब, पार टाकीपलीकडे ओढत नेलं.

"काय झालं? हवा नाई येऊन राह्यली?" त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मी सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला. मी परत सांगितलं. त्यांना ऐकू येईना, आणि डोळ्यांत पाणी जमायला लागलं. मग मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आई घोरून राह्यली, मामा!"