फादर येईपर्यंत

वर्ध्याच्या एका खासगी प्रसूतिगृहात कोकिळामावशी अठरा वर्षं आया होती. माहेर हिंगणीचं, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. देवभोळी एवढी की घरच्या सत्यनारायणाच्या कलशालाही हात लावायची नाही. ते भटजीचं काम, आपण लांबून नमस्कार करावा, हे तिचं ठाम मत. आपल्या या नम्रतेचं तिला फार कौतुक होतं.

त्या दुपारी प्रेरणाचं बाळ सातव्या महिन्यातच ऑपरेशन करून काढावं लागलं. तिला कूसही बदलता येईना आणि बाळ शेजारच्या खोलीत, काचेच्या पेटीत. ही माणसं कॅथलिक; बाळाला काही होण्याआधी त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे डोक्यावर पाणी घालून ख्रिस्ती करून घेण्याचा विधी, व्हायलाच हवा. त्यांचे फादर नेमके हिंगणघाटला गेलेले. नवरा अनुप त्यांना आणायला मोटारसायकलवर धावला आणि मागून डॉक्टरांनी हात टेकले. फार तर एक तास, म्हणाले.

प्रेरणाने मावशीचं मनगट धरलं. "मावशी, तुम्ही आत जा. बाळाच्या डोक्यावर पाणी ओता. शब्द मी सांगते."

"मी? मी तं हिंदू बाई, ताई. मले काय अधिकार?"

"अशा वेळी कोणीही चालतं. खरंच चालतं, मावशी!"

मावशीला वाटलं, दुःखानं पोरीचं डोकं फिरलं. "असं कुठी असते का? लेकराले पाप लागन. फादर येऊनच राह्यले, मी पाहून येतो."

प्रेरणा मागून हाका मारत राहिली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेली ही बाई तासभर उन्हात फाटकाशी हात जोडून उभी. भक्ती होती, अक्कल नव्हती.

फादर आले तेव्हा पेटीतलं बाळ कापडात गुंडाळून झालं होतं. कोणी पाणी घातलं का, त्यांनी विचारलं. मावशी ताठ मानेनं पुढे झाली.

"नाई जी. म्या तुमच्यासाठीच राखून ठेवलं."

फादर म्हातारे, मऊ बोलणारे. "अहो बाई, तुम्ही घातलं असतं तरी बाप्तिस्मा झाला असता. घालणाऱ्याचा धर्म पाहत नाहीत. बाप्तिस्मा द्यायचाय, एवढं मनात लागतं." मग म्हणाले, देव दयाळू आहे, लेकरू त्याच्या हाती सोपवू. ते मात्र कोणाच्याच कानात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पाण्याचा पेला घेऊन खाटेजवळ गेली. रडून तिचेही डोळे सुजले होते. प्रेरणाने तोंड फिरवलं नाही. सरळ तिच्याकडे बघून म्हणाली,

"तुमच्या हातचं पाणी मला नको."