दुपारचं नाव

सांगलीत धाकट्या मुलाकडे राहायला आले तेव्हा मला पहिली अडचण आली ती तिथल्या पोरांच्या नावांची. संध्याकाळी इमारतीखाली पोरं खेळायची आणि आया गॅलरीतून हाका मारायच्या. सगळी नावं दोन अक्षरांची, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. तळमजल्यावर विजापूरकडची कन्नड बोलणारी बाई, आमच्या समोर मुसलमान मास्तर, वरच्या मजल्यावर कुपवाडला वेल्डिंग करणारा बिहारी. त्या बिहाऱ्याच्या आणि मास्तरच्या पोराचं नाव एकच. एकीनं हाक मारली की दोघंही धावत यायची आणि दोन्ही आया हसायच्या.

मला हसू यायचं नाही. पोर कुणाचं ते कळायचं कसं?

आमचं गाव इस्लामपूरच्या बाजूला, उसाचं. तिथं नाव ऐकलं की घर कळायचं. घर कळलं की माणसाला सोप्यात बसवायचं की बाहेर उभं ठेवायचं, चहा कुठल्या कपातून द्यायचा, ते कुणी सांगावं लागत नसे. हे वाईट आहे असं मला कुणी शिकवलं नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही नाही. घरात ते वळण म्हणून शिकवत.

आमच्या वेळी नावं फार नव्हती. देवाची असायची, नाहीतर मेलेल्या सासू-सासऱ्यांची. पोरं जगत नसली की दगडाधोंड्याचं नाव ठेवायचं, म्हणजे कुणाची नजर लागत नाही. माझ्या पोरांच्या वेळी सिनेमातली नावं आली. आता मोबाईलवर शोधतात. बिहाऱ्याच्या बायकोला एकदा विचारलं, तुझ्या पोराच्या नावाचा अर्थ काय? तिनं मोबाईल काढला आणि बघून सांगितला.

माझा मुलगा कुपवाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. सूनही तिथंच हिशेबाच्या कामाला. दोघांनी लग्न आपसात ठरवलं आणि मग आम्हाला सांगितलं. ती बौद्धांची. मी आरडाओरडा केला नाही. लग्नाला गेले, जेवले, फोटोत उभी राहिले. गावात मात्र विचारलं तेवढंच सांगितलं. मुलगी सांगलीची, शिकलेली. पुढचं कुणी विचारलं की मी उसाच्या तोडीचं बोलायचे.

मग मुलगी झाली. घरातली पहिली नात म्हणून मी माझ्या सासूचं नाव सुचवलं. मुलगा म्हणाला, "आई, आमचं ठरलंय."

ठरलेलं नाव सुनेच्या आजीचं होतं. सुनेनं मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. तिच्या आजीचं जन्माचं नाव गावच्या पाटलानं ठेवलेलं. झाडून उकिरड्यावर टाकतात त्याचं नाव. चांगलं नाव ठेवायची त्यांना सोयच नव्हती, ठेवलं तर गाव हसायचं. पुढे त्यांच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला. तेव्हा ही आजी जाणती पोर होती. तिनं ते जुनं नाव टाकलं आणि बुद्धाच्या गोष्टीतलं एक नाव स्वतःच स्वतःला घेतलं. मरेपर्यंत त्याच नावानं राहिली.

"तिनं निवडलेलं नाव हाय आई ते," सून म्हणाली. "म्हणून मला पाहिजे."

"चांगलं हाय की," मी म्हणाले.

बारशाला माझी लेक आली. आत्या म्हणून तिनं बाळाच्या कानात ते नाव सांगितलं. बायकांनी कुर्रर्र करून तिच्या पाठीत धपाटे घातले. मीही घातला, जरा जोरातच.

ते नाव वाईट नव्हतं. पण आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्यानं ऐकलं असतं तर पोरीची आई कुठली ते त्याला लगेच कळलं असतं. म्हसवडला आमच्या कुलदैवताच्या, सिद्धनाथाच्या पायावर पोरीला घालायला न्यायचं होतं. सगळी भावकी जमणार, नाव विचारणार. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

सुनेची रजा संपली. सकाळी दोघं गाडीवरून कुपवाडला जायची ती दिवे लागायच्या वेळी यायची. दिवसभर पोर आणि मी. पहिल्याच दुपारी मी तिला मांडीवर घेतलं आणि सासूच्या नावानं हाक मारली. नुसतं बघावं म्हणून. पोर हसली. आता त्या वयात ती पंख्याकडे बघूनही हसायची. पण मला बरं वाटलं.

मग रोजच सुरू झालं. न्हाऊ घालताना, भरवताना, झोपवताना तेच नाव. दार लावलेलं असायचं. जिन्यात गाडीच्या किल्लीचा आवाज आला की मी "बाळा" म्हणायला लागायचे. ती दोघंही दमून आलेली, त्यांनाही "बाळा", "पिल्लू" हीच सवय. गावाकडून जावेनं फोनवर विचारलं, "नाव काय ठिवलं वो अक्का?" तर मी सासूचं नाव सांगितलं. जाऊ म्हणाली, "म्हातारी आली म्हणा की परत घरात." मला ते ऐकून लय बरं वाटलं.

पोर रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली. डोस द्यायला तिला मिरजेला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरचं नाव वाचून तिला हाक मारली. पोर मांडीवर बसून चपलांकडे बघत होती. बाईंनी पुन्हा हाक मारली. मग सुनेला म्हणाल्या, "तुम्ही मारा." सुनेनं मारली. पोरीनं मान वळवली नाही.

"या वयात नावाला वळायला पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कान तपासून घेऊ."

मी बाहेर बाकावर बसले होते. घरी येताना रिक्षात सुनेनं मला हे सांगितलं. पोर का वळत नाही ते तेव्हाच मला कळलं. तिथंच सांगून टाकायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "हुईल नीट. काही पोरं उशिरा बघतात."

कान तपासले. कान चांगले निघाले. मला वाटलं संपलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान चांगले आहेत आणि तरी वळत नाही, तर मग दुसरं काही आहे का ते बघावं लागेल. काही मुलांना माणसांशी जोडून घेताच येत नाही, तसलं काहीतरी. मोठ्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. सून मोबाईलवर त्याबद्दल वाचायला लागली. वाचेल तेवढी जास्त घाबरायची. ताटावर चमचा वाजवून बघायची, मागून टाळी वाजवायची. टाळीला पोर वळायची. नावाला नाही.

तळमजल्यावरची बाई वर येऊन बसली आणि म्हणाली, "अज्जी, तुमच्याजवळ दिवसभर असतंय पोर, तुम्हाला काय वाटतंय?"

"मला काय कळतंय डॉक्टरातलं," मी म्हणाले.

सून तिला म्हणाली, "माझंच चुकलं. मी लवकर कामावर गेले. पोरगी आईविना राहिली दिवसभर, म्हणून असं झालं."

मी तिथंच बसून लसूण सोलत होते. एका म्हाताऱ्या बाईला एवढं तोंड उघडायला काय जात होतं? पण तोंड उघडलं की फक्त नाव सांगून भागणार नव्हतं. का, ते सांगावं लागणार होतं. आणि ते का मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी त्या पोरीच्या आईला स्वतःला दोष देत रडू दिलं. एक शब्द सांगायचा होता, तो मी सांगितला नाही.

मोठ्या डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी सून घरी राहिली. सकाळची वेळ. बाहेरच्या खोलीत ती जमिनीवर पोरीच्या मागे बसून आजीच्या नावानं हाका मारत होती. हळू, मोठ्यानं, गाण्यासारखी. पोर डब्याचं झाकण चावत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात गवार मोडत बसले होते. सुनेचा आवाज चिरायला लागला. मग ती थांबली आणि तिनं डोकं गुडघ्यावर टेकलं.

मी गवार खाली ठेवली आणि सासूच्या नावानं हाक मारली.

पोरीनं झाकण टाकलं, गरकन मागं वळली आणि माझ्याकडे रांगत आली. माझ्या लुगड्याला धरून उभी राहिली.

सून बघतच राहिली. थोडा वेळ तिला काही कळलं नाही. मग कळलं.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"राहू दे गं."

"परत म्हणा आई. तिला इकडं फिरवते, मग म्हणा."

तिनं पोरीला उचलून खिडकीकडे तोंड करून बसवलं. मी हाक मारली. पोर वळली. तिनं पुन्हा फिरवलं. मी पुन्हा मारली. पोरीला खेळ वाटला, ती हसायला लागली.

"कधीपास्नं?"

"तू कामावर जायला लागल्यापास्नं."

"आणि मी डॉक्टरकडं फिरत होते ते तुमच्या डोळ्यासमोर?"

"व्हय."

"का?"

मी म्हणाले, "भावकी काय म्हणंल."

"खरं सांगा."

"तुझ्याकडलं नाव नको होतं मला."

ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "माझ्या आजीचं नाव तुमच्यासारख्यांनीच ठेवलं होतं, आई. तिला इचारलं नव्हतं. मला वाटलं आता माझ्या लेकीचं नाव तरी कुणी न इचारता ठेवणार न्हाई."

 तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि आत गेली. रडली नाही. पोरगी धडधाकट आहे हे तिला कळलं होतं, आणि त्या आनंदातसुद्धा तिला माझ्याकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी मुलगा आला. त्यानं सगळं ऐकलं आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "आई, पिशवी भर. उद्या सकाळच्या गाडीनं गावाला सोडतो."

सून आतून म्हणाली, "कुठं जायचं न्हाई त्यांनी."

"अगं पण..."

"गावाला जाऊन तिथं तेच नाव सांगतील. इथं राहायचं आणि हिला हिच्या नावानं हाक मारायची. दिवसभर. त्यांच्याच तोंडानं."

मला वाटलं होतं ती मला घालवून देईल. घालवून दिलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

मी जावेला फोन केला आणि खरं नाव सांगितलं.  ती आवाज खाली करून म्हणाली, "अक्का, हे नाव तर त्यांच्यात असतंय न्हवं?" मी म्हणाले, व्हय, पोरीची आई त्यांच्यातलीच हाय. त्यावर ती गॅस संपल्याचं सांगायला लागली. म्हसवडला कधी येणार ते तिनं त्यानंतर विचारलेलं नाही.

आता मी रोज पोरीला तिच्या नावानं हाक मारते. सुरुवातीला जीभ अडखळायची, आता अडखळत नाही. आईनं हाक मारली की पोर त्या नावाला वळते. बापानं मारली की वळते. तळमजल्यावरची बाई जिन्यातून ओरडली तरी दाराकडे पळते. मी मारली की येत नाही. म्हणजे बघते माझ्याकडे, पण जागची हलत नाही. उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहते, मी आमचं दुपारचं नाव म्हणेन म्हणून. सून कधी कधी दारातून हे बघते आणि आपल्या कामाला जाते. मी पुन्हा हाक मारते.