चालती खोली आणि मागचा पाट

आमच्या मंडळींत किस्से जमवायला म्हणून कुणी बसत नाही. पण जुनी गाडी एकदा उघडली की उरलेले नटबोल्ट जसे डब्यात साठतात, तसे तेही साठत जातात. पुढे कोणता कुठला होता ते कुणालाच सांगता येत नाही. बापूच्या गाडीचे मात्र मला सगळे आठवतात. विसरायचं म्हटलं तरी!

नव्वदच्या दशकाची अखेर होती. माझा मित्र बापू सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर, नुकतीच व्हीआरएस घेतलेली. त्याच्या बायकोच्या, कुसुमवहिनींच्या, हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी दिवाळीनंतर बोलावलं होतं. वहिनींचा हट्ट एकच, "त्याआधी मला समुद्र दाखवा. नंतरचं कुणी पाहिलंय!"

एसटीत तासाभराने त्यांना आडवं व्हावं लागे, ते जमणार कसं? म्हणून बापूने ठरवलं, झोपायची सोय असलेली गाडी आपणच बनवायची, स्वस्तात. 'कॅम्पर व्हॅन' हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. बापू म्हणायचा, "चालती खोली."

* * *

गाडी मिळाली मखमलाबादच्या एका फुलवाल्या शेतकऱ्याकडे. जुनी मॅटाडोर, पत्रा ठीक, इंजिन ठीक. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक लाकडी पाट खिळ्यांनी ठोकलेला.

"आमची आई बसायची त्यावर," तो म्हणाला. "रोज पहाटं फुलांच्या पाट्या घेऊन बाजाराला. दोन वर्सं झाली तिला जाऊन. पाट तेवढा राहू द्या."

"राहील की," बापू म्हणाला. फुकटची बैठक कोण सोडतो! "गाडीत काही खोड?"

"तशी लय गुणी हाय. फक्त पाटावर कुणी बसलं की जरा हळू चालती."

आम्ही पाटाकडे बघितलं. तो रिकामाच होता. चावी घेतली आणि निघालो, तर सपाट रस्त्यावर गाडी तीसच्या वर जाईना!

घराशी उतरल्यावर बापूने मला दम भरला, "त्या म्हातारीचं हिच्यापाशी बोलायचं नाही. आधीच काळीज नाजूक."

* * *

गाडीचा नकाशा आम्ही बापूच्या अंगणातल्या फरशीवर खडूने खऱ्या मापात काढला. इथे पलंग, खाली सामानाचे खण, इथे स्टोव्ह, इथे पाण्याचा कॅन. सुतारकामाला पेठकडचा सोमा होता. टेप त्याच्याकडे होता, पण त्याचा भरवसा सुतळीवर. वहिनींना म्हणाला, "उभ्या ऱ्हावा वैनी. निजलेल्या मानसाचं माप मी घेत नाय."

वहिनी खडूच्या दारातूनच आत यायच्या. मी एकदा खडूच्या भिंतीवरून चहा पुढे केला, तर म्हणाल्या, "दारातून या भाऊजी, ही काय रीत झाली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशात मागच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन जास्तीचा होता. पाटाएवढा. खरं तर पाट नकाशात घ्यायचा आम्ही विसरलो होतो.

मी काढला नव्हता. बापूनेही नाही. सोमाने ओल्या फडक्याने पुसला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर! सोमाने मग सुतळी गुंडाळली आणि पलंग सहा इंच अलीकडे घेतला. वर म्हणाला, "जागा धरून ठिवलीया. आपन कशाला उठवायचं?"

* * *

खरा वाद झाला तो झोपण्याच्या दिशेवरून. दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही, हे घरात पाळता येतं. पण गाडीचं काय? ती रोज वेगळीकडे तोंड करून उभी राहणार!

"फिरता पलंग करू?" सोमाने विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

शेवटी मी तोडगा काढला. मेनरोडवरून एक होकायंत्र आणलं. माझा वायरिंगचा धंदा, त्यामुळे गाण्याच्या टेपचा स्पीकर आणि होकायंत्र दोन्ही मीच पुढे डॅशबोर्डवर शेजारी शेजारी पक्की बसवली. पलंगाचं उशाचं टोक मागे, पाय ड्रायव्हरकडे. म्हणजे गाडीचं तोंड उत्तरेला ठेवलं की झालं.

आणि काय नशीब! गाडी कुठेही उभी करा, काटा बरोब्बर पुढे, उत्तरेला. बापू खूश. "गुणी गाडी आहे रे, आपोआप शुभ दिशेला थांबते!" काटा समोर असल्यावर आभाळाकडे कोण बघतो?

* * *

पहिली चाचणी सोमाच्या गावी, पेठला. दुसरी येवल्याला, पैठणी घ्यायला नव्हे, नुसती मागावर बघायला. दोन्हीकडे एकच तमाशा. दुपारी बापू गाडीत डोकावून बघतो, तर वहिनी ड्रायव्हरकडे उशी करून झोपलेल्या.

"अगं, उलटी काय झोपतेस? मी एवढं काट्याने बघून गाडी लावली!"

"मला असंच बरं वाटतं," म्हणून त्या कूस बदलायच्या.

येवल्याहून येताना लासलगावला थांबलो. बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, गावभर कांद्याचा वास. आमच्या गाडीत मात्र शेवंतीचा! मी बापूकडे बघितलं, बापूने काच वर केली.

* * *

दिवाळीच्या आधी आम्ही तिघं पेठमार्गे गुजरातच्या किनाऱ्यावर गेलो. घाट उतरतानासुद्धा गाडी इतकी रांगली की बापूने तिला मनसोक्त शिव्या घातल्या. गाडी पाण्याकडे तोंड करून लावली. वहिनी नुसत्या बघत राहिल्या. मला फार बरं वाटलं.

सूर्य काचेच्या अगदी समोर बुडायला लागला. वहिनींचं लक्ष होकायंत्राकडे गेलं.

"अहो, तुमच्या काट्याने आज सूर्य उत्तरेला मावळतोय!"

मी शेजारच्या स्पीकरकडे बघितलं. स्पीकरमधलं लोहचुंबक काट्याला पहिल्या दिवसापासून धरून बसलं होतं! बापू दार उघडून वाळूत उतरला. "म्हणजे पेठला, येवल्याला हिचे पाय कुठे होते? आणि आठ दिवसांवर ऑपरेशन!"

"माझे पाय एकदाही दक्षिणेला नव्हते," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "गाडी थांबली की म्हातारी सांगायची, 'पोरी, उशी तिकडं घे.' म्हणून तर मी उलटी झोपायचे."

"कोण म्हातारी?"

"पाटावर बसते ती. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

बापू बाहेरूनच गाडीत डोकावला. "आता... आता काय म्हणतेय?"

"आता नाही ती. समुद्र बघितला आणि उतरली."

येताना तोच घाट गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. इतकी हलकी ती कधीच चालली नव्हती. बापू एकदाच बोलला, अगदी हळू, "आता ऑपरेशनच्या दिवशी हिच्याजवळ कोण रे?"

* * *

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलला निघालो. बापू चालवत होता, मी शेजारी, वहिनी मागे पलंगावर. गंगापूर रोड सपाट, रहदारी नाही. वाटेतल्या कॉलेजपर्यंत गाडी छान पळाली. मग एकदम वीसवर आली.

बापूने पाय दाबला. गिअर बदलला. पुन्हा दाबला. एक दूधवाला सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला! आणि गाडीभर शेवंतीचा वास.

"बापू, मागे बघू का?"

"नको!" तो ओरडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसत होता. "बघू नकोस. चालू दे अशीच."

मागून वहिनींचा आवाज आला, "आजी, उशी कुठल्या बाजूला घेऊ?"