बुधवारचं खजराना

मला काय झालं होतं म्हणून विचाराल तर धड सांगता येणार नाही, आणि तीच तर पंचाईत होती. नवरा सज्जन, मुलगा बंगलोरला नोकरीला, घर स्वतःचं, माझी शाळेतली नोकरी पक्की. नववीला गणित शिकवते, माझ्या नुसत्या चपलांच्या आवाजानं वर्ग गप होतो. अशा बाईला सकाळी डोळे उघडले की उठावंसंच वाटेना. छातीवर कोणी पाटा ठेवलाय असं वाटायचं. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं, तोंड धुवायचं, साडी नेसायची आणि पोरांवर ओरडायला जायचं. कशासाठी रडतेय? कशासाठीच नाही! कोणी छळलं असतं तर निदान तोंड वर करून सांगता तरी आलं असतं.

मग एक दिवस फळ्यापुढे खडू घेऊन उभी राहिले आणि पुढची ओळ सुचेचना. साधं समीकरण हो. एका पोरीनं हळूच विचारलं, "मॅम, तबियत ठीक नहीं है क्या?" तर तिलाच बाकावर उभी केली मी. त्याच संध्याकाळी फोनवर शोधून एका काउन्सेलरची वेळ घेतली. दिवाळी नुकतीच झाली होती.

घरी सांगितलं, दर बुधवारी खजराना गणपतीला जाणार. मी काही देवदेव करणारी नाही, त्यामुळे सासूबाईंना कोण आनंद! "सुचली बाई एकदाची बुद्धी," म्हणाल्या. काउन्सेलरची जागा त्याच बाजूला होती. येताना देवळाबाहेरच्या दुकानातून लाडू घ्यायचे, रस्त्यावरूनच हात जोडायचे आणि घर गाठायचं. तो लाडू देवापुढे गेलेलाच नसायचा. सासूबाई तो डोळ्यांना लावून मगच तोंडात टाकायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काउन्सेलर तिशीची असेल. कोल्हापूरकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इंदूरला आलेली. मराठी म्हणूनच मी तिला निवडलं आणि जिना चढताना मराठी म्हणूनच माझे पाय जड झाले. आमच्या इथे मराठी माणसाचं दुसऱ्या मराठी माणसाशी इकडून नाही तर तिकडून नातं निघतंच. बसल्या बसल्या मीच सुरू केलं, "माहेरचं आडनाव काय हो तुमचं?" ती हसली. म्हणाली, "ते राहू दे. आधी एक सांगते. इथलं बोलणं इथेच राहील. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच दुसऱ्या कोणाला सांगेन, आणि तेही तुमच्या कानावर घालून. बाहेर कुठे भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर मग मीही दाखवीन."

मला वाटलं होतं, आता उपदेश सुरू होईल. योगा करा, सकाळी फिरायला जा, चांगले विचार करा. एक शब्द नाही! मी काही सांगितलं आणि लगेच वर जोडलं की "हे तर सगळ्यांनाच होतं," तर ती म्हणायची, "सगळ्यांचं नको, तुमचं सांगा." रडू आलं तर घाईघाईनं गप्प करायची नाही. मी बोलायची थांबले की तीही थांबायची. आमच्या घरात मी जरा गप्प बसले तर लोकांना वाटतं भाजी करपली. एकदा विचारते, "ही जी लाज म्हणताय, ती अंगात कुठे जाणवते?" मी म्हटलं, "लो, ये भी कोई सवाल हुआ!" आणि हात लावून बघितलं तर दोन्ही कान तापलेले. माझ्या मराठीत निम्मी हिंदी, तिचं बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्याचीही मला लाज वाटायची. कशाकशाची म्हणून वाटायची नाही!

एका बुधवारी तोंडातून निघून गेलं, "रात्री झोपताना वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं." तिनं डोळे विस्फारले नाहीत. सरळ विचारलं, "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" इतकं सरळ मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तसं नाही. तिनं तरी खोदून खोदून सगळं विचारून घेतलं, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. त्या मी मसाल्याच्या डब्यांमागे लपवल्या. मग ती म्हणाली, "हे घरात एका तरी माणसाला माहीत असायला हवं. कोणाला सांगाल?"

"कोणालाच नाही."

"आज नाही तर नाही. पण विचार करत राहा."

नंतरच्या प्रत्येक बुधवारी ती हे विचारायची आणि मी नाही म्हणायची. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो घाबरून मुलाला फोन लावून बसला असता. आणि सासूबाईंना? छे! खमकी सून म्हणून गल्लीभर मिरवतात त्या मला. सासरे गेले त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला, आता यांना लावायचं की नाही म्हणून बायका एकमेकींकडे बघत होत्या, तेव्हा मी सरळ पुढे होऊन त्यांच्या कपाळी कुंकू टेकवलं होतं. कोणाची हिंमत होती बोलायची! त्या सुनेनं आता काय सांगायचं, की मला सकाळी उठवत नाही?

संक्रांतीनंतर नेहमीप्रमाणे माझ्याकडे हळदीकुंकू झालं. हॉल बायकांनी भरलेला, सासूबाई दिवाणावर बसून हुकूम सोडतायत, मी तिळगूळ आणि वाणाच्या गाळण्या वाटतेय. तेवढ्यात समोरच्या शेजारणीनं दारातूनच हाक मारली, "वहिनी, आमच्या वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, त्यांना पण घेऊन आले हं!" बघते तर माझी काउन्सेलर. काठाची साडी, केसांत गजरा.

मी पटकन वळून तिळगुळाचं ताट दुसरीच्या पुढे धरलं. ती मात्र नमस्कार करून म्हणाली, "मी इथे नवीन आहे." आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. मी तिला हळदीकुंकू लावलं, ते कपाळावर वाकडं लागलं.

शेजारीण कुठली गप्प बसतेय! "अहो, या मानसोपचारवाल्या आहेत. लोकांची डोकी ठीक करतात."

"पागलों की डॉक्टर?" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"मग चुकीच्या घरी आलात हो," सासूबाई दिवाणावरून मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांचे पेंच टाइट आहेत!"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. नुसती हसून थांबले असते तर एक वेळ ठीक होतं. पण मला वाटलं, मी काही बोलले नाही तर ह्या माझ्या तोंडाकडे बघतील. म्हणून म्हटलं, "रिकामटेकड्यांचे रोग आहेत हे. आम्हाला तर मरायला फुरसत नाही!"

पुन्हा हशा. मरायला, म्हणे. कोणासमोर म्हटलं मी हे! ती तिळगुळाचे दाणे तळहातावर एक एक करून वेचत होती. मान वर केली नाही. थोड्या वेळानं वाण घेऊन, "येते हं," म्हणून गेली. माझे कान असे पेटले होते की बायकांचं पुढचं बोलणं मला ऐकूच आलं नाही.

सगळ्या गेल्यावर मी कप गोळा करत होते. घरात आम्ही दोघीच होतो, तरी सासूबाईंनी आवाज खाली आणला.

"काय गं, ती मुलगी फक्त तरुण माणसांनाच बघते का?"

"का हो?"

"असंच. दुपारी तू शाळेत असतेस ना, तेव्हा मला भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात. हे गेल्यापासून रोजच. म्हणून तर टीव्ही मोठ्यानं लावून ठेवते."

त्या टीव्हीवरून आमची किती वाजलेली होती, देवालाच ठाऊक. मी पटकन म्हटलं, "बघते, आई. वयस्कर माणसांनाही बघते. एक आजोबा असतात ना तिथे, माझ्या आधी." आणि जीभ चावली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्या आधी?"

मी कप खाली ठेवले. "मी जाते तिच्याकडे. दिवाळीपासून. बुधवारचं खजराना म्हणजे तेच. तुम्हाला खाऊ घातले ते लाडूही नुसते दुकानातले." सकाळचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, रात्री झोपताना काय वाटतं तेही सांगून टाकलं. मला वाटलं आता देवाच्या नावानं खोटं बोलले म्हणून आकाशपाताळ एक करतील.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मगाशी मी तुलाच हसले?"

"मीही हसलेच की."

"मला माहीत नव्हतं गं. तुला तर माहीत होतं ना?"

"लाज वाटली, आई."

"कोणाची? आमची?"

"तुमचीच," मी म्हटलं. आता खोटं तरी किती बोलणार!

त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते. म्हणाल्या, "आणि मी तुझ्या धाकानं दोन वर्षं तोंड उघडलं नाही. म्हटलं, ही म्हणेल, झाली म्हातारीची नाटकं सुरू."

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. नाही हो आई, असं कसं म्हणेन, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते मला बोलता येईना, कारण मी अगदी तसंच म्हटलं असतं.