चार खटक्यांची रात्र

“आमच्याकडे रात्र होत नाही, करावी लागते,” शेजारचा तोर्गेर मला एकदा म्हणाला होता. मी हसलो होतो.

उत्तर नॉर्वेत मे महिना लागला की उजेड चिवट पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो. तोर्गेर बोटी दुरुस्त करणारा सुतार. बायको समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, दोन-दोन आठवडे तिकडेच. मुलगी सुनिव्हा आठ वर्षांची, स्वमग्न. तिच्या खोलीच्या खिडकीसाठी त्यानं काळी फळी केली होती. रोज संध्याकाळी आठला तो ती बाहेरून लावायचा आणि चौकटीवरच्या चार लाकडी खिट्ट्या फिरवायचा. आत सुनिव्हा भिंतीला तळहात टेकून ऐकायची. खट्. खट्. खट्. खट्. चौथ्या खटक्यानंतर ती आपल्या जड पांघरुणाखाली शिरायची. हे जमण्याआधी कोमट दूध करून झालं होतं, गाणी झाली होती, गाडीतून किनाऱ्याच्या रस्त्यानं फेऱ्या झाल्या होत्या. या चार खटक्यांपर्यंत यायला त्याला दोन वर्षं लागली.

सतरा मेच्या राष्ट्रदिनाआधी आमच्या वसाहतीत श्रमदान असतं. त्याला न येणाऱ्याचं नाव वर्षभर निघतं. यंत्रांचा आवाज सुनिव्हाला सोसत नाही, म्हणून तोर्गेर तिला घेऊन आपल्या आईकडे गेला होता. आम्ही मोठ्या मनानं त्याच्या वाटचंही काम केलं. भिंत रंगवली. ती काळी, उन्हापावसानं विटलेली फळी झेंड्याशेजारी बरी दिसेना, खिडकीखाली टेकवलेली ती मीच उचलली. खिट्ट्या उपटल्या. फळी सॉसेज भाजायच्या शेकोटीत गेली. किल्ली कुंडीखाली असते हे सगळ्यांना ठाऊक. वसाहतीच्या अध्यक्षबाई गुनलाउगनं आत जाऊन जाड, गडद पडदा बसवला.

संध्याकाळी साडेसातला तोर्गेर परतला.

“फळी कुठाय?”

“अरे, आत जाऊन बघ! भुयारासारखा अंधार होतो आता,” गुनलाउग म्हणाली.

त्या रात्री सुनिव्हाचं ओरडणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं नवी फळी केली, नव्या खिट्ट्या तासल्या. खट् ऐवजी ठक् झालं. तिनं भिंतीवरून हात काढला. “रात्र नाही,” म्हणाली. त्यानं खिट्ट्या घासल्या, पातळ केल्या, तेल लावलं. रात्र नाही. पाच दिवस.

सहाव्या दिवशी संध्याकाळी वसाहतीची बैठक होती. सुनिव्हापाशी तोर्गेरची आई बसली होती. कॉफी होती, मुरंबा लावून खायचे वाफेल होते. तोर्गेर तांबारलेले डोळे घेऊन आला.

“तोंड फुगवून बसू नकोस रे,” गुनलाउग म्हणाली. “चांगल्या मनानंच केलं ना आम्ही?”

“पाच रात्री धड झोपलेली नाही ती.”

“पोरांना सवय होते. माझा भाचा बघ, तोही असाच...”

“तुझा भाचा चाळीस वर्षांचा आहे, गुनलाउग.”

लोक हसले. तो हसला नाही.

“सवयच लावली होती मी,” तो म्हणाला. “दोन वर्षं खपून. तुम्ही ती जाळून तिच्यावर सॉसेज भाजलेत.”

“मग दारावर चिठ्ठी लावायचीस की!” आमच्यातला आर्ने म्हणाला. “आम्हाला काय स्वप्न पडतं?”

“रोज त्या खिडकीखालून जाता. हा आठ वाजता काय खटखट करतो, असं एकानं तरी विचारलं?”

मी वाफेलवर मुरंबा पसरत राहिलो, पसरून झाल्यावरही.

विषय बदलावा म्हणून आर्नेनं पत्र्याचा डबा टेबलावर आपटला. हा माणूस वाकडा खिळासुद्धा टाकत नाही. “श्रमदानातून उरलेलं आहे. बिजागऱ्या, स्क्रू, काय हवं ते घ्या.”

डब्यात वरच मी उपटलेल्या चार खिट्ट्या होत्या. कडा बोटांनी गुळगुळीत झालेल्या, एका बाजूला आमच्या पांढऱ्या रंगाचे शिंतोडे.

तोर्गेरनं एकेक उचलून चारही मुठीत घेतल्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात झाले होते.

“अरे, कॉफी तरी...” गुनलाउग म्हणाली.

त्यानं खुर्ची मागे सारली आणि आठच्या आत खिडकी गाठायला तो निघून गेला.